मामांच्या तळ्यातली म्हैस

मी मामांच्या विलायती चित्रात म्हैस काढली. काढायला नको होती, कबूल... पण आधी ऐकून तर घ्या.

आमचे मामा नाशिकच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. आयुष्यात मुंबईच्या पुढे गेले नाहीत, पण इंग्लंडातल्या बड्या लोकांचे खेड्यातले बंगले त्यांना तोंडपाठ. देवळालीचा कुणी साहेब सामान विकून घरी निघाला, की मामा त्या लिलावात हजर... आणि येताना हमखास असल्या बंगल्याचं एक जुनं चित्र घेऊन येणार. तांब्याच्या पत्र्यावर बारीक रेघा कोरून, त्यावरून कागदावर छापलेलं.

मी मॅट्रिकला दोनदा आपटलेला, त्यामुळे घरात रिकामा. म्हणून चित्रं पुसायची मी, उन्हात धरायची मी, कसर लागली का बघायची मी. आणि वर प्रत्येक बंगल्याला खिडक्या किती ते सांगायचं... वैताग नुसता!

एका पुस्तकातले बारा बंगले मामांना पुरे करायचे होते. अकरा झाले होते. बाराव्यासाठी सात वर्षं जीव टांगलेला. जेवतानासुद्धा भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडे बघायचे.

त्यात एक तळ्याचा बंगला मामांकडे दोनदा आलेला. तो बघून मामी एकदा म्हणाली, "एवढं कुरण, एवढं पाणी, आणि दारात एक म्हैस नाही. कसली मेली श्रीमंती?"

मला ते पटलं. दुपारी मामा झोपले होते... चहाच्या पाण्यात काजळ कालवलं, बारीक टाक घेतला आणि दोनातल्या एका तळ्यात म्हैस बसवली. फक्त पाठ, तोंड आणि शिंगं. रोज पुसून पुसून त्या रेघा कशा जातात ते हाताला ठाऊक झालं होतं. मामा ओरडतील, आपण हसू, संपलं... एवढाच बेत.

पण मामांच्या लक्षातच येईना! आठ दिवस मी वाट बघतोय.

आणि परवा देवळालीहून एक म्हातारे पारशी शेटजी टांग्यातून आले. काखेत गुंडाळी. मामांनी मला न सांगता पत्रं लिहून सौदा ठरवला होता... शेटजींकडे बारावा बंगला दोनदा होता, तळ्याचा नव्हता. अदलाबदल करायची.

मामांनी तळ्याची दोन्ही चित्रं शेजारी शेजारी मांडली. शेटजींनी भिंग लावलं आणि दोन्ही तळी तीन-तीनदा पाहिली. मग म्हणाले, आधी पत्र्यावर म्हैस असणार, बंगल्याच्या मालकाने मागाहून घासून काढायला लावली असणार. म्हणजे ही अगदी पहिली छपाई. मालक हिंदुस्थानात राहून गेलेला साहेब असेल, म्हैस बरोबर नेली असेल...

त्यांनी बोट ओलं करून म्हशीच्या पाठीकडे नेलं. काजळच ते, पुसलं जाणार! पण मामांनी त्यांचा हात वरच्यावर धरला. चित्राला बोट लावायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा.

"मला म्हैसवाला द्या, बारावा तुमचा," शेटजी म्हणाले.

मामा म्हणाले, "साधं न्या. म्हैस मी देणार नाही."

शेटजी हटेनात, मामा हटेनात. मी मध्येच म्हणालो, "मामा, ती म्हैस..." तर म्हणाले, "तू गप्प बस. तुला यातलं काय कळतं?"

शेटजींनी गुंडाळी काखेत मारली आणि टांगा देवळालीच्या रस्त्याला लागला. सात वर्षांचा बारावा बंगला त्यात बसून गेला... माझ्यामुळे.

मामी चहाचे कप उचलायला आली. चित्र निरखून हळूच मला म्हणाली, "शिंगं तर आपल्या गवळ्याच्या म्हशीची दिसतात." आणि आत निघून गेली. मामांना मात्र अवाक्षर नाही.

आता येईल त्याच्या हातात मामा भिंग देतात. काल तर म्हणाले, बारावा नाही मिळाला तरी चालेल, असली वस्तू अख्ख्या मुंबई इलाख्यात नाही. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते... आणि भिंग पुसून द्यायचं मी.

खरं सांगावं तर म्हैसही जाते आणि बाराव्याचं दुःख दुप्पट होतं. तेव्हा पाया पडतो, हे कुणाजवळ बोलू नका. घरी आलात तर भिंगातून बघा, मान डोलवा... आणि देवाशप्पथ, बोट ओलं करू नका.