दाजींचा तिसरा प्रवेश

महाराष्ट्रात आजवर नाट्यलेखनाची जेवढी शिबिरं, वर्ग आणि कार्यशाळा झाल्या, त्या सगळ्यांत पहिल्या रांगेत आमचे दाजी बसले होते असं कुणी सांगितलं, तर मी शपथेवर दुजोरा देईन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते तपासणी खात्यात आहेत. आठवडाभर लोखंडाच्या ओतकामातले दोष काढायचे आणि रविवारी आपल्या नाटकातले दोष दुसऱ्याकडून काढून घ्यायचे, असा त्यांचा क्रम. कोल्हापुरात शिबिर असलं की दाजी संयोजकांच्या आधी हजर. खुर्च्या मांडायला तेच, पाहुण्यांना नारळ द्यायला तेच, आणि 'काही शंका?' असं विचारल्यावर वर होणारा पहिला हातही त्यांचाच. मिळालेल्या प्रमाणपत्रांना प्लास्टिक चढवून त्यांनी ती शोकेसमध्ये लावली आहेत. जागा पुरेना तेव्हा आक्काचा डिनर सेट माळ्यावर गेला. नाटक मात्र अजून एकही पूर्ण झालेलं नाही. 'घाई करून चालत न्हाय,' दाजी म्हणतात. 'कच्चं ओतकाम भाईर काढलं की तडा जातोय.'

दोष त्यांच्या एकट्याचा नाही. पुण्याच्या एका मार्गदर्शकांनी सांगितलं, शब्द कमी करा, शांततेला बोलू द्या. दाजींनी घाम गाळून संवाद खोडले. पुढच्या शिबिरातले गृहस्थ म्हणाले, ही माणसं बोलत का नाहीत, घसा बसलाय का सगळ्यांचा? दाजींनी खोडलेलं पुन्हा लिहिलं. मग मुंबईहून एकजण आले. त्यांचं मालिकावाल्यांकडं जाणं-येणं होतं. पहिल्या पाच मिनिटांत मुडदा पडला नाही तर प्रेक्षक उठून जातो, असं त्यांचं मत पडलं. दाजींनी लगेच मुडदा पाडला. आक्कानं कागद वाचून विचारलं, 'अवो, ह्यो कोण मेलाय?' 'ते अजून ठरायचं हाय,' दाजी म्हणाले. त्यानंतर एक बाई आल्या. त्यांनी फळ्यावर बाणच बाण काढले आणि सांगितलं, प्रत्येक पात्राला काहीतरी हवं असतं, आणि ते मिळवताना काहीतरी आड येतं. हे वाक्य दाजींच्या हाडीमाशी खिळलं आणि आम्हा नातेवाइकांची साडेसाती सुरू झाली.

जेवणं झाल्यावर आक्का स्वयंपाकघरात उभी असली की दाजी विचारणार, 'ह्या प्रसंगात तुझं उद्दिष्ट काय?'

'भांडी घासून आडवं व्हायचं.'

'आणि आड कोण येतंय?'

'तुम्ही. सरका तिकडं.'

फौंड्रीत एक कामगार उशिरा आला आणि बस चुकली म्हणाला, तर दाजींनी त्याला सुनावलं, 'हे कारण मागच्या अंकात वापरलंस. नवीन आण.' पण कहर झाला तो माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा. मुलगा पसंत, मुलगी पसंत, पोहे पसंत. सगळे सुपारी फोडायच्या गोष्टी बोलत असताना दाजी मागून म्हणाले, 'समदं गोड गोडच चाललंय. ह्यात संघर्ष कुठाय?' त्यानंतर संघर्ष झाला. मुलाच्या मामांना वाटलं, मुलीकडचे काहीतरी लपवताहेत. आक्कानं दाजींना दही आणायच्या निमित्तानं बाहेर पिटाळलं, म्हणून ते लग्न जमलं.

एवढं सगळं शिकून हा माणूस लिहीत काय होता, तर दोन भावांचं नाटक. आणि ते अडलं होतं तिसऱ्या प्रवेशात. 'थोरला येतो. उंबऱ्यात थांबतो.' याच्यापुढं कागद कोरा. थोरला काय बोलतो हे दाजींना कधी सुचलंच नाही, आणि का सुचत नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दाजींचे थोरले भाऊ, आण्णा, पेठ वडगावला असतात. दाजींच्या मुलीच्या लग्नात फेटे बांधणाऱ्यानं विचारलं होतं, आता कुणाला बांधू? दाजी गडबडीत म्हणून गेले, 'आण्णा काय, घरचाच हाय. त्येला मागनं बांधू. आधी पावणं बघ.' मागनं बांधायचं राहून गेलं. आण्णा उघड्या डोक्यानं पंगतीतून उठले आणि वडगावला निघून गेले. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. दाजींना नाटकाचं बक्षीस नको होतं, त्यांना भाऊ हवा होता. पण माफी मागायला जाण्यापेक्षा शिबिराला जाणं सोपं. आपल्यातली पुष्कळ माणसं असंच काहीतरी शिकत असतात, असं मला अलीकडं वाटायला लागलं आहे.

मग यंदाच्या शिबिरात एक तरुण मार्गदर्शिका आली. ती म्हणाली, 'पात्र काय बोलेल ते सुचत नसेल, तर जा आणि पात्रालाच विचारा.' तिला म्हणायचं होतं, डोळे मिटा आणि मनातल्या मनात विचारा. बाकीच्यांनी डोळे मिटले. दाजींनी गाडीची किल्ली उचलली. एकट्यानं जायचा धीर नव्हता, म्हणून वाटेत माझ्या घरासमोर हॉर्न वाजवून मला मागं बसवलं.

आण्णा गोठ्यात म्हशीपुढं वैरण टाकत होते. भावाकडं न बघता ते मला म्हणाले, 'या पावणं. च्या घेणार न्हवं? आन् संगट कोण आल्यात त्यांस्नी बी इचारा.'

'घेतो म्हणावं,' दाजींनी मला सांगितलं.

मग घसा खाकरून त्यांनी कागद काढले आणि मलाच वाचून दाखवतोय असा आव आणत, म्हशीनं मान वर करावी एवढ्या आवाजात सुरुवात केली. 'थोरला येतो. उंबऱ्यात थांबतो. गहिवरून म्हणतो, बाळा, झालं गेलं विसरून जा.' ही ओळ वाटेत पेट्रोल भरताना सुचली होती.

'पावणं,' आण्णा म्हणाले, 'त्यांस्नी सांगा, मी जल्मात कुणाला बाळा म्हणलेलो न्हाय.'

'मग काय म्हणंल ते इचारा.'

'म्हणायचं मागनं बघू. पर त्यो उंबऱ्यात का थांबलाय?'

'त्येला आत यायचं हाय,' दाजींनी बाईंचे बाण आठवत सांगितलं, 'पर त्येचा मान आड येतोय.'

आण्णांनी हातातली वैरण टाकली, मला बाजूला सारलं, आणि पुतणीच्या त्या लग्नानंतर पहिल्यांदा सरळ भावाकडं वळले. 'लेका, लग्नात घरचा म्हणून माझं डोस्कं उघडं ठेवलंस, आन् नाटकात परक्यावानी उंबऱ्यात उभा करतोस व्हय? एक कायतरी ठरीव की! घरचा असंल तर सरळ आत ईल आन् बसंल. पावणा असंल तर फेटा बांध!'

'खोडतो,' एवढंच दाजी म्हणाले, आणि स्वतःच्या खिशाला पेन असताना माझ्याकडं पेन मागायला लागले. मला तर तिथं उभं राहवेना. मी म्हशीकडं बघत राहिलो.

पुढं दर रविवारी दाजी वडगावला वाचनाला जाऊ लागले. आण्णा एकेका वाक्याला हरकत घ्यायचे. थोरल्याचा सदरा फाटका नको, त्याला खोकला नको. मुडद्यापाशी आल्यावर ते म्हणाले, 'ह्यो मी न्हवं ना?' 'न्हाय.' 'मग ऱ्हाऊ दे.'

आणि एका रविवारी दाजींनी जायच्या आधी आण्णाच कोल्हापूरला आले. योगायोगानं मी तिथं होतो. चपला काढल्या, उंबऱ्यात पाऊलसुद्धा रेंगाळलं नाही, सरळ आत येऊन ते कॉटवर बसले. दाजींनी कपाटातून कोरा फेटा काढून पुढं केला. तो कधी आणून ठेवला होता कोण जाणे. 'ठेव तिकडं,' आण्णा म्हणाले. 'घरचा हाय मी.' संध्याकाळी निघताना मात्र तो काखेत मारूनच गेले.

नव्या शिबिराची जाहिरात आली, पण दाजी गेले नाहीत. डिनर सेट माळ्यावरून खाली उतरला आहे. परवा मी नाटकाचे कागद मागून घेतले. तिसऱ्या प्रवेशात 'उंबऱ्यात थांबतो' खोडलेलं होतं. 'थोरला येतो' एवढंच उरलं होतं, आणि खाली कागद पूर्वीसारखाच कोरा.

'दाजी, आता तर थोरला खरोखर आला. तो काय बोलला ते लिहून टाका की.'

ज्याला त्याला उद्दिष्ट विचारत हिंडलेल्या या माणसानं खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं.

'ध्यानातच न्हाय बघा,' ते म्हणाले. 'जेवलो, एवढं आठवतंय.'