महादूचा तपास

मी दादांशी खरं बोलले. नको होतं बोलायला.

दादा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. नव्वदी कधीच ओलांडलेली. वेल्ह्याच्या घरी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी इथे मोझांबिकमध्ये. पोचू शकले नाही.

ही पोस्ट वाचणाऱ्या तुमच्यातल्या काहींना माहीत आहे, मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. ॲग्री. इथल्या भातशेतीच्या प्रोजेक्टवर निवड झाली तेव्हा एकच अट होती. आधी पोर्तुगीज शिकायचं.

ऑनलाइन क्लास. आणि रेंज फक्त पडवीत, दादांच्या खाटेशेजारी.

मी तिथे बसून मोठमोठ्यानं घोकायची. काकू हसायची. "काय गं ही भाषा, नाकात शेंगदाना अडकल्यावानी!"

एक दिवस खाटेवरून आवाज आला.

"बों दिया, सेन्योरा." नमस्कार, बाईसाहेब.

काकूच्या हातातलं सूप थांबलं. "आता गं बया! तुमाला कसं ओ येतंय?"

"येतंय थोडं," दादा म्हणाले. "बटाटा, चावी, पगार, घमेलं. निम्मी भाषा तर आपलीच हाय. उरलेली निम्मी शिकलो हुतो."

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. भोर तेव्हा संस्थान होतं.

दादा आणि त्यांचा दोस्त महादू, दोघांना नुकतं मिसरूड फुटलेलं. भाटघर धरणावर साहेबाच्या बंगल्यात पाणी भरायचे, लाकडं फोडायचे.

तिथला खानसामा गोव्याचा. त्याचा मेहुणा आफ्रिकेत, बेइराच्या बंदरात कामाला. मी आज राहते तेच बेइरा. तेव्हा इथे पोर्तुगीजांचं राज्य.

मेहुण्याला हाताखाली एक पोरगा हवा होता. एकच. आणि बोलता येणारा.

मग खानसाम्यानं दोघांनाही शिकवायला घेतलं. कांदे सोलताना, मासे साफ करताना. चुकलं की पळीचा फटका.

हे कळल्यावर दादा रोज माझी परीक्षा घ्यायला लागले. साहेबाच्या थाटात उशीला टेकून विचारायचे, "कोमो ते शामाश?" तुझं नाव काय?

मी आठवून आठवून उत्तर द्यायची.

"लई रेंगाळतीस पोरी. साहेब तवर जेवून यील."

एकदा गंमत म्हणून मीच त्यांना उलट विचारलं. "कोमो ते शामाश?"

दादा गप्प.

मी परत विचारलं. तरी गप्प.

"असाच गप बसलो हुतो," शेवटी म्हणाले. "खानसाम्यानं दोगांस्नी समोर उभं केलं. ह्योच सवाल पयला. मला सगळं येत हुतं. म्या तोंडच उघडलं न्हाई."

"आन आमी समजायचो, तुमी दोस्तासाठी जागा सोडलीत!" काकू म्हणाली.

"कुठली जागा सोडतोय. दर्याला भ्यालो. धरणाचं पानी बगून सुदिक मागं सरायचो म्या. महादू चुकतमाकत बोलला. त्याला नेलं."

दादा उशीवरून सरळ होऊन बसले.

"त्याची आय आमच्या दारात यायची. काय कळलं का इचारायला. ती मरूस्तवर काय कळलं न्हाई."

मी निघाले तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला. "तपास कर त्याचा. म्हातारा हून गेला का तसाच पोरगा असताना, येवढंच कळू दे."

मी शोधलं. इथल्या जुन्या गुजराती दुकानदारांना विचारलं. देवळात विचारलं. बंदरातून रिटायर झालेल्या म्हाताऱ्यांना विचारलं. माझी निम्मी पोर्तुगीज त्यांच्याशी बोलूनच सुधारली.

महादू कुणालाच माहीत नव्हता.

दर रविवारी व्हिडिओ कॉल. दर रविवारी पहिला प्रश्न, "लागला का तपास?"

काकांनी मला एकदा वेगळा फोन केला. "सांगून टाक की, सापडला म्हनून. दुकान हुतं, बायकापोरं हुती, सुखानं गेला. तुझं काय जातंय? म्हातारं निवांत हुईल."

मी म्हणाले, "काका, मी दादांना फसवणार नाही. खरं कळायचा त्यांना हक्क आहे."

हे वाक्य बोलून मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं.

त्या रविवारी मी सांगितलं. "दादा, काहीच सापडलं नाही. आता सापडेल असं वाटतही नाही."

"बरं," ते म्हणाले.

मग म्हणाले, "जेवलीस का?"

त्यानंतर त्यांनी कधीच विचारलं नाही.

भाताची लावणी, व्यालेली म्हैस, भावकीतली लग्नं, सगळं बोलायचे. मी "बों दिया" म्हटलं की म्हणायचे, "हां, बोल पोरी."

मला वाटलं, मन मोकळं झालं त्यांचं. खरं बोलल्याचा फायदा.

आज दहावा.

नदीवरून काकूचा फोन आला. रडत होती, पण समाधानानं. "पिंड ठेवला न ठेवला, लगीच शिवला बग कावळा! तुज्या आजोबांच्या टायमाला दुपार झाली हुती. दादांचं कायसुदिक मागं ऱ्हायलं न्हवतं गं."

मी "हो काकू" म्हणून फोन ठेवला.

काकू, फोनवर जमलं नाही म्हणून इथे लिहितेय. कुणाकडून तरी वाचून घे.

त्यांचं एक राहिलं होतं. ते त्यांनी सोडून दिलं, कारण मी सोडायला लावलं. इतकी वर्षं जपलेला प्रश्न मी एका रविवारी काढून घेतला.

आणि काका, तुम्ही सांगत होता ते खोटंही बोलायची गरज नव्हती. "अजून शोधतेय" एवढं म्हणून मी खरंच शोधत राहिले असते, तरी भागलं असतं.

मी थकले होते. त्या थकण्याला मी खरेपणा म्हटलं.

बंदरापलीकडच्या वस्तीत विचारायचं राहिलं आहे. उद्या सुट्टी टाकली आहे.

दादा, तुमच्या पोरीचा नमस्कार. माफ करा.