फरसबंदीचा दगड कुणाच्या टेबलावर

आमच्या प्रयोगशाळेत एक दगड होता. चौकोनी, काळपट, वरची बाजू चाकांनी घासून घासून गुळगुळीत झालेली. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधला एक जुना रस्ता ट्रामच्या रुळांसाठी उखडला, तेव्हा आमच्या शेफने तो कामगारांकडून मागून आणला होता. शेफ म्हणजे आमचे साहेब. तिथे साहेबाला तेच म्हणतात, आणि एकेरीत बोलतात.

वर्षातून एकदा हा दगड कुणाच्या तरी टेबलावर जायचा आणि पुढचं वर्षभर तिथेच राहायचा. मला तो हवा होता. नागपूरच्या आमच्या वस्तीतली मी पहिली इंजिनिअर, आमच्या घरातली तर पहिली पदवीधर, आणि वर जर्मनीत डॉक्टरेट. एवढं सगळं असताना एका दगडाची इतकी हाव कशाला, असं नवऱ्याने एकदा विचारलं. मी म्हटलं, डिग्र्या मिळाल्यात, दगड राहिलाय.

तो मिळायचा कसा, ते सांगते. दर एप्रिलमध्ये उत्तर फ्रान्समध्ये व्यावसायिक सायकलपटूंची एक शर्यत असते. एकाच दिवसाची, पण शेतांमधल्या असल्याच दगडी रस्त्यांवरून. सायकली अशा थडथडतात की टीव्ही बघणाऱ्याचे दात दुखावेत. कोरडं असलं तर धूळ, ओलं असलं तर चिखल, आणि शेवटी जो पोचतो तो नुकताच कुंभाराच्या चाकावरून उतरल्यासारखा दिसतो. आम्ही सगळे त्या रविवारी शेफच्या घरी जमायचो. प्रत्येकाने आधी एकेक गडी निवडायचा. ज्याचा गडी जिंकेल, त्याला दगड.

पण इथे एक मेख होती. शर्यत संपली की शेफ टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि हात वर करायला सांगायचा. जिंकलेला गडी 'फरदीन्ट' होता का? म्हणजे त्या विजयाला तो लायक होता का? निम्म्याहून जास्त हात वर आले तरच दगड हलणार. नाहीतर आहे त्याच टेबलावर अजून एक वर्ष.

"जिंकला तो जिंकला," माझा नवरा म्हणायचा. "त्यावर पुन्हा मीटिंग कसली? हे फक्त जर्मनांनाच सुचतं."

मला मात्र तो नियम मनापासून आवडायचा. सायकलच्या शर्यतीत सगळा खेळ वाऱ्याचा. जो पुढे असतो तो वारा छातीवर घेतो, आणि मागचा त्याच्या आडोशाला बसून पाय वाचवतो. शहाणे लोक तासन्‌तास असे आडोशाला बसतात आणि शेवटच्या क्षणी बाहेर येऊन पहिले होतात. अशा माणसाला जर्मनमध्ये हिंटररादलुत्शर म्हणतात, मागचं चाक चोखणारा. हा शब्द मी भाषेच्या वर्गात नाही, शेफच्या सोफ्यावर शिकले, आणि तो उच्चारताना मला भयंकर समाधान वाटायचं. मी कुणाच्या आडोशाने इथवर आलेली नाही. माझ्यापुढे घरातलं कुणी नव्हतंच. त्यामुळे चाक चोखणाऱ्यासाठी माझा हात कधी वर गेला नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या वर्षी तर मी कहरच केला होता. आमच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारी एक बाई होती, धिप्पाड, कमी बोलणारी. तिचा गडी दिवसभर दुसऱ्याच्या मागे बसून जिंकला. ती दगड घ्यायला उठलीसुद्धा. मी मध्येच उभी राहून जर्मनमध्ये भाषण ठोकलं: ज्याने वारा खाल्ला, त्याचाच दगड. हात खालीच राहिले. ती परत बसली. त्यानंतर माझ्या प्रयोगांचे सुटे भाग वर्कशॉपमधून येताना नेहमी शेवटी येऊ लागले.

आणि दगड राहिला आमच्या पुणेकराकडे. हा माझा सहकारी, समोरच्याच टेबलावर बसायचा. आजोबा इंजिनिअर, वडील इंजिनिअर, आणि हा. माणूस हसरा. मी रुजू झाले त्या आठवड्यात कँटीनमध्ये त्याने विचारलं होतं, "तुझी ॲडमिशन कुठल्या लिस्टमधून झाली गं?"

मी म्हटलं, "ज्या लिस्टमध्ये माझं नाव होतं, त्या."

तो हसला. मी नाही हसले. मग तो म्हणाला, "नाही म्हणजे, डिझर्विंग मुलांचं कधी कधी नुकसान होतं, एवढंच."

"झालं का तुझं? दिसत तर नाही."

तेव्हापासून आमची मैत्री म्हणा, तलवारबाजी म्हणा, चालू होती. त्याचं डिझर्विंग आणि माझं उत्तर, दोन्ही रोजच्या कॉफीबरोबर. दगड त्याच्या टेबलावर, नेमका माझ्याकडे तोंड करून. त्यावर तो कागद दाबून ठेवायचा.

पहिली निवड नेहमी दगडवाल्याची, म्हणून या वर्षी पुणेकराने सगळ्यात तगडा गडी उचलला. उंच, मांड्या अशा की वर्कशॉपमधल्या लेथला बसवाव्यात. माझी पाळी येईपर्यंत चांगले सगळे गेले होते. मी एक हिरव्या जर्सीवाला घेतला. आदल्या रविवारी बेल्जियममधल्या शर्यतीत तो नाल्यात पडला होता आणि हसत वर आला होता. तेवढंच कारण.

"तो?" वर्कशॉपमधली बाई म्हणाली. "तो तर घोळक्यातून नाक बाहेर काढत नाही. तुझ्या तत्त्वांचं काय झालं?"

"तत्त्वं आहेत तिथेच आहेत," मी म्हटलं. "गडी उरले नाहीत."

दुपार व्हायच्या आतच शेफने टीव्ही लावला, पण पहिले काही तास ती शर्यत कुणी बघत नाही. सगळे स्वयंपाकघरात कॉफी आणि केकभोवती. माझा नवराही तिकडेच, केकवर साय किती घ्यायची यावर तावातावाने बोलत होता. सोफ्यावर आम्ही दोघंच, मी आणि पुणेकर.

आणि तेव्हाच माझा हिरवा पंक्चर झाला. ऐन दगडी पट्ट्यात. संघाची गाडी धुळीत कुठेतरी मागे अडकलेली. तो बिचारा चाक काढून हातात उंच धरून उभा, आणि बाजूने सगळे भर्रकन निघून चालले.

"संपला तुझा," पुणेकर म्हणाला.

शेवटी गाडी आली, चाक बदललं, आणि तो निघाला. एकटा. पुढे आडोशाला कुणी नाही, नुसता वारा आणि दगड. एकेका मागे पडलेल्याला गाठत, ओलांडत, तोंडावर धुळीचा थर, जीभ बाहेर. मी सोफ्यावरून घसरून जमिनीवर आले होते. पुणेकराने केक खायचा थांबवला होता.

"अरे, हा येतोय की," तो म्हणाला. आणि हिरवा खरंच पुढच्या घोळक्याच्या शेपटीला लागला. मी इतक्या जोरात ओरडले की स्वयंपाकघरातून शेफने विचारलं, काय झालं?

"काही नाही," पुणेकर ओरडला. "हिच्या माणसाचं चाक गेलं." मग मला हळूच म्हणाला, "गाढव आहे तुझा. सगळी ताकद इथेच घालवली. शेवटी काय उरणार?"

उरलं. संध्याकाळकडे शर्यत झुकली तेव्हा पुढे दोघंच होते, पुणेकराचा उंच आणि माझा हिरवा. आता सगळी मंडळी टीव्हीसमोर. आणि माझा हिरवा काय करतोय? उंचाच्या मागच्या चाकाला चिकटून बसलाय. उंच कोपर हलवून खुणावतोय, ये पुढे, तूही थोडा वारा घे. हिरवा मान हलवतोय. नाही.

"लुत्शर," वर्कशॉपमधली बाई अतिशय शांतपणे म्हणाली. मग सगळी खोली एका सुरात म्हणू लागली, लुत्शर, लुत्शर. त्यात माझा नवरा सर्वांत पुढे. मी त्याच्या हातातली ताटली काढून घेतली.

शेवट सायकलींच्या एका जुन्या गोल मैदानात होतो, धावपट्टी कडेला उताराने वर चढत गेलेली. उंच पुढे, हिरवा मागे, दोघंही हळू, एकमेकांकडे बघत. शेवटच्या फेरीची घंटा वाजली. शेवटचं वळण. हिरवा उतारावर थोडा वर गेला, तिथून खाली आला आणि उंचाच्या कडेने जेमतेम एका चाकाने पुढे गेला.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी कुणाला तरी घट्ट मिठी मारली, ती वर्कशॉपमधली बाई निघाली. माझ्या हातातल्या ताटलीतला केक तिच्या पाठीला लागला. ती हलली नाही. शेफने टीव्हीचा आवाज बंद केला.

"आल्झो," म्हणजे तर मग, तो म्हणाला. "फरदीन्ट?"

वर्कशॉपमधली बाई केकची सुरी हातात घेऊनच उभी राहिली. "गेल्या वर्षी एक फार छान भाषण झालं होतं," ती म्हणाली. "ज्याने वारा खाल्ला, त्याचाच दगड. आज वारा कुणी खाल्ला?"

सगळे माझ्याकडे बघून हसायला लागले. मलाही हसू येत होतं, पण दगड हातातून निसटत होता. मी आधी डावपेचाची बाजू मांडली: मागून पाठलाग करणाऱ्यांत हिरव्याच्याच संघाचा एक जण होता. आपल्याच माणसाला मागे टाकायला हिरवा परक्याला कशाला मदत करेल?

"ही वकिली आहे," नवरा मराठीत म्हणाला.

"तू गप बस, तुझा गडी तर पोचलापण नाही."

मग मी पंक्चरचं सांगितलं. एकट्याने कापलेला तो सगळा पट्टा सांगितला.

"चाक गेल्याचं ऐकलं," शेफ म्हणाला. "पाठलाग मी काही पाहिला नाही."

"तू केक कापत होतास."

"कुणी पाहिलं?"

खोलीत फक्त एक माणूस होता ज्याने ते पाहिलं होतं, आणि दगड त्याच्याच टेबलावर होता. तो गप्प राहिला असता तर दगड तिथेच राहिला असता. पुणेकर केकचा घास फार हळू चावत होता.

मी मराठीत म्हटलं, "बोलायचं तर बोल. नाहीतर राहू दे."

"आता तू मला लिस्टचं ऐकवणार."

"ऐकवणारच होते."

"नको. केक उतरत नाहीये."

"जर्मनमध्ये, बिट्टे," शेफ म्हणाला.

पुणेकराने ताटली खाली ठेवली आणि उभं राहून सगळं सांगितलं. हातातला चमचा चाकासारखा उंच धरून दाखवला. धूळ सांगितली, बाहेर आलेली जीभ सांगितली, मी सोफ्यावरून पडले तेही सांगितलं. मग म्हणाला, "आपण कॉफी पीत होतो म्हणून शर्यत थांबली नव्हती. आणि माझा उंच माणूस तेव्हा कुठे होता, माहितेय? त्याच्या संघाची अख्खी फळी त्याच्यापुढे लावलेली. त्याचा वारा सकाळपासून दुसऱ्यांनीच खाल्ला. पाण्याची बाटलीसुद्धा हातात आणून देत होते. आपण बघायला बसलो तेव्हा तो पहिल्यांदा पुढे आला, आणि आपल्याला वाटलं, काय मेहनती माणूस आहे."

तो माझ्याकडे न बघता खाली बसला आणि बसता बसता त्याने हात वर केला. मी त्याची खाली ठेवलेली ताटली त्याच्या हातात दिली.

शेफचा हात वर गेला. मग दुसरा, तिसरा. नवऱ्याने इकडे तिकडे बघून, वारा कुठला आहे ते पाहून हात वर केला. सगळ्यात शेवटी वर्कशॉपमधली बाई. सुरी असलेलाच हात वर.

"पण पुढच्या वर्षी माझा गडी मागे बसून जिंकला," ती मला म्हणाली, "तर सकाळपासून त्याचं काय काय झालं ते तू शोधून आणायचंस."

"शोधीन," मी म्हटलं. "माझे सुटे भाग?"

"मंगळवारी."

दगड शेफने सोमवारची वाट न बघता पुणेकराला ऑफिसातून आणायला लावला. मी तो मांडीवर घेऊन ट्राममधून घरी आले. नवरा दोन सीट सोडून बसला, ओळख नसल्यासारखा. घरी आल्याबरोबर आईला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेऱ्यासमोर दगड धरला.

आईने तो खालीवर न्याहाळला. "इतकी शिकली, अन् गोटा भेटला काय?"

"आई, हा मान असतो इथला."

"असंल. आपल्याकडं रोडावर पडून राहते." मग चष्मा लावून स्क्रीनच्या जवळ आली. "वरून सपाट हाय वाटते. ठेचा चांगला होईन."

जिंकणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी केक न्यायचा, ही तिथली रीत. दगड धुवायचा नाही किंवा त्यावर मिरच्या कुटायच्या नाहीत असा नियम कुठे नव्हता. सोमवारी मी ठेचा आणि भाकरी नेली. शेफने ठेचा चमच्याने घेतला, त्याला कुणी थांबवायच्या आत. वर्कशॉपमधली बाई दोनदा घ्यायला आली. पुणेकराच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी खात होता.

"कोण म्हणतं दगडाचा उपयोग नाही," तो म्हणाला, आणि माझ्या बाटलीतलं पाणी प्यायला.

मी दगड पुसला आणि माझ्या टेबलावर ठेवला, अगदी कडेला, त्याच्याकडे तोंड करून.

"जरा तिकडे सरकव ना," तो म्हणाला. "मान वर केली की तोच दिसतो."

"म्हणून तर तिथे ठेवलाय," मी म्हटलं, आणि त्यावर कागद दाबून ठेवला.