फटींतला कापूस

बाबांची होडी टेम्पोतून अंगणात उतरली तेव्हाच मी ओळखलं, माझे रविवार गेले. छोटीशीच, दोन माणसांपुरती. तिच्यातून बाबा खाडीत मासे मारायला जायचे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती काठावर उपडी पडून होती. केळव्याच्या एका रिसॉर्टवाल्याने ती बघितली आणि बागेत फुलझाडं लावायला मागितली. कुजण्यापेक्षा बरं, असं मीच बाबांना पटवलं. ते हो म्हणाले, पण फुटकी द्यायची नाही म्हणाले.

आठवडाभर बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगला उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी होडीपुढे उकिडवं बसायचं. जुना निळा रंग खरवडून माझी नखं अशी झाली की कामावरच्या बाया विचारायच्या, "बोट दारात चेमटलं का गं?"

रंग निघाला. म्हटलं, आता नवीन रंगाचे दोन हात मारले की सुटले. तर बाबांनी फळ्यांच्या फटींतला जुना कापूस उचकटायला घेतला. नव्या कापसाची वात वळायची, फटीत ठोकायची, वरून राळ भरायची. मी ठोकलेलं ते बोटाने चाचपायचे आणि म्हणायचे, "काढ."

"बाबा, ती पाण्यात जायची नाय. तिच्यात माती भरनार हायत!"

"होडी हाय ती, बाय. पानी आत येता कामा नये."

माझा जीव मेटाकुटीला आला होता. वाद घालायचंही त्राण नव्हतं. काढलं, परत ठोकलं.

शेवटी पांढरा रंग आणि वर निळा पट्टा चढला. देखणी दिसत होती, खोटं कशाला बोलू. रिसॉर्टवाला टेम्पो घेऊन आला, भोवती फिरला, खूश झाला.

"मस्तच काका! आता फक्त बुडाला पाच-सहा भोकं पाडून द्या. पाणी निचरलं नाही तर झाडं कुजतात."

त्याचं काही चुकलं नव्हतं. कुंडीला आपणही पाडतोच की. पण बाबा म्हणजे शब्द दिलेला माणूस, नाही कसं म्हणणार? ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

होडी ठेवून घेतली तर दर वर्षी हे खरवडणं माझ्याच गळ्यात, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला सुटायचं होतं. अगदी मनापासून सुटायचं होतं.

"आमाला होडी नाय द्यायची," मी म्हणाले.

टेम्पो रिकामा परत गेला. मी ओट्यावर बसले आणि मला रडूच फुटलं, दमल्याचं की कसलं, कोण जाणे. बाबा गुडघा धरून उठले, होडीजवळ गेले, वाकून आत बघितलं.

"बाय," ते म्हणाले, "आतून दुसरा हात मारायचा राहिला हाय."