बाबांनी टॅग लावलेली गाडी

पत्रक मीच लिहिलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर ६ मधल्या आमच्या गल्लीत तीन ठिकाणी चिकटवलं होतं: ‘महागड्या गाडीची मक्तेदारी मोडा! रविवारी सकाळी अकरा वाजता शर्यत.’ गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी, चपलांच्या खोक्यात मावणारी. महागडी गाडी जवळच्याच रुआबांध्यात राहणाऱ्या माझ्या कॉलेजमित्राची. पत्रकाखाली अट होती, मी हरले तर त्याच्या गाडीच्या स्तुतीचं पत्रक मी स्वतः लिहीन. आमच्या घरात आजोबांपासून पत्रकं लिहिली जातात. हक्काची, सभेची, निषेधाची. स्तुतीचं एकही नाही.

माझ्या गाडीची जुनी मोटर कार्बन ब्रशवाली, चढ आला की धापा टाकणारी. तिच्या जागी ब्रशलेस मोटर हवी होती, पण नवा सेट परवडत नव्हता. म्हणून कुणाच्या तरी मोडक्या गाडीतली मोटर घेतली, ती चालवणारा कंट्रोलर स्वस्तातला मागवला, बॅटरी जुनीच ठेवली. मोटर जागेवर बसेना, तर बाबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तिला बैठक करून दिली. बाबा प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. मोटरच्या तीन वायरी बघून ते हरखलेच. “अवो, हे तं आमच्या मिलच्या मोटरची नात हाये!”

वायरी त्यांनीच जोडल्या आणि रविवारी पहाटे ते पहिल्या शिफ्टला गेले. मी उठून बघते तर बॅटरीच्या पिनेला बिस्किटाच्या पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. लाल पेनानं लिहिलेलं: ‘काम चालू आहे. हात लावू नका.’ खाली बाबांची सही.

प्लांटमध्ये मशीन दुरुस्त करणारा माणूस असा टॅग लावतो, म्हणजे तो आत असताना कुणी ते चालू करू नये. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. साहेबानंही नाही.

अकराला मित्र आला. “काढ ना वो तो पुठ्ठा. टाइमपास कावून करून राहिली?”

“दुसऱ्याचा टॅग आहे.”

“खेळणं हाये यार! कोण मरणार आहे इसमें?”

दुसऱ्याचा टॅग काढल्यानं प्लांटमध्ये माणसं कशी मरतात, यावर मी दोन पानी पत्रक लिहिलं होतं, आणि ते वाटायला हाच माझ्यासोबत मरोद्याच्या वस्तीत आला होता. त्यानं स्वतःच पुठ्ठ्याकडे हात नेला, सही वाचली आणि हात खिशात घातला. त्याचे वडील प्लांटमध्येच क्रेनवर आहेत.

“फोन लाव मग काकाले.”

बाबांनी चहाच्या सुट्टीत फोन उचलला. “अवो, सवयीनं लावला मी. काढून टाक!”

“फोनवरची परवानगी चालत नाही, बाबा. तुम्हीच सांगितलंय.”

“बरं,” बाबा म्हणाले, “येतो मी दोनच्या नंतर.”

मित्र म्हणाला, नियमानं तो आत्ताच जिंकलाय. मी म्हणाले, जा मग. तो गेला नाही. आईनं दोघांना वरणभात वाढला आणि दोघांनाही येडे म्हटलं.

अडीचला बाबा आले. हेल्मेटसुद्धा न काढता त्यांनी टॅग सोडला, सहीवर रेघ मारली, बॅटरी जोडली. गाड्या रेघेवर लागल्या. आईनं ताटलीवर चमचा वाजवला. मी बटण पूर्ण दाबलं आणि माझी गाडी बंदुकीच्या गोळीसारखी सुटली. मागच्या दिशेनं. थेट आमच्याच तुळशीच्या कुंडीवर.

मित्राची गाडी सावकाश, तोऱ्यात, गल्लीच्या टोकाला पोचली.

बाबांचा चेहरा उतरला. तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते, हे त्यांना झोपेतही माहीत. मिलमध्ये दिशा तपासल्याशिवाय ते एकही मोटर चालू करत नाहीत. “डायरेक्शन चेक नाई केली मी,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “चूक माही हाये. पत्रक मी लिहितो.”

“अट माझी होती,” मी म्हणाले आणि तिथेच पायरीवर बसून लिहिलं. ‘ही गाडी सरळ धावते. हिच्या मालकानं दुसऱ्याच्या टॅगला हात लावला नाही आणि हातची जिंकलेली शर्यत सोडून साडेतीन तास वाट बघितली. असे मालक वाढोत!’

मित्रानं दोनदा वाचलं. कान लाल झाले होते त्याचे.

“पण ह्याच्यात गाडीची स्तुती एकच लाइन हाये,” तो म्हणाला. “दुसरं लिही.”