सिस्टरचं कुंकू

आमच्या नंदनवन वस्तीत त्या काळी नवस गणपतीला आणि अर्ज कॉन्व्हेंटला करायची पद्धत होती. तिथे नंबर लागलेलं पोर दूधवाल्यालाही ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, आणि ते ऐकायला आईबाप मुद्दाम दारात उभे राहायचे. वर्गाच्या सिस्टर वर्षातून एकदा मुलींच्या घरी भेटीला येत. मी चौथीत असताना त्या नेमक्या आमच्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात येऊन बसल्या.

बाहेरच्या खोलीत मोहल्ल्यातल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. आत स्वयंपाकघरात माझी विधवा आत्या तिळाचे लाडू ताटात रचत होती. ती आमच्याकडेच राहायची. अशा दिवशी बाहेर यायचं नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण बाहेर ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

आई कुंकवाची कुयरी घेऊन सिस्टरपाशी आली आणि अडली. पाहुण्या बाईला तसंच पाठवायचं कसं? आणि लावायचं तरी कसं?

“पांढऱ्या कपड्यातल्या बाईले कुंकू कोन लावते वं?” शेजारच्या काकू कुजबुजल्या. त्यांची कुजबूज चार घरं ऐकायची.

मी लगेच ज्ञान पाजळलं, “सिस्टरचं लगन येशूसंग झालं हाये. त्याइच्या बोटातली अंगठी पा ना!”

“पन त्याले तं क्रुसावर मारलं ना?” काकूंनी शंका काढली.

“तिसऱ्या दिवशी उठला तो!”

आईचा चेहरा एकदम उजळला. “मंग झालं तं! मालक जित्ता हाये तिचा. सवाशीनच हाये!” असं म्हणून तिनं सिस्टरच्या कपाळावर ठसठशीत कुंकू टेकवलं. सिस्टर केरळच्या. मराठी त्यांना बऱ्यापैकी समजायचं, बोलायच्या मात्र हिंदीत. त्या इतक्या हसल्या की डोक्यावरचं वस्त्र सरकलं.

एवढ्यात लाडवांचं ताट द्यायला आत्या दारापर्यंत आली. तिचं मोकळं कपाळ बघून सिस्टरनी विचारलं, “और इनको?”

आई ओशाळली. “त्यांचे मालक वारले.”

“मर तो मेरे प्रभु भी गए थे,” सिस्टर म्हणाल्या. “इनको भी लगाओ न.”

 काकूंना घरी दूध उतू जात असल्याची आठवण झाली आणि त्या उठून गेल्या. आईनं काकूंची रिकामी झालेली जागा हातानं झाडली. मग म्हणाली, “या आक्का, बसा.”

आत्यानं ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि सतरंजीवर बसली. आईनं तिलाही तसंच ठसठशीत कुंकू लावलं.

संध्याकाळी बाबा घरी यायच्या आत आत्यानं ते पुसून टाकलं. पण पुढच्या संक्रांतीला ती आपण होऊन बाहेर येऊन बसली, आणि लाडू आईनं वाटले.