सशासाठी लपवलेलं गवत

ससा गरीब प्राणी आहे असं म्हणणाऱ्याने कधी ससा पाळलेला नसतो. आमच्या सशाने माझ्या चपलेचा अंगठा खाल्ला, मोबाइलच्या चार्जरची वायर खाल्ली, देवापुढच्या चटईची एक बाजू खाल्ली. जे खायला हवं तेवढं सोडून सगळं खाल्लं. खायला हवं होतं गवत. त्या गवतापायी मी गोव्यातल्या आमच्या पाळी गावात जेवढं डोकं फोडून घेतलं, तेवढं मुलीच्या बारावीसाठीही घेतलं नव्हतं.

ससा मुलीचा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तिने तो हट्टाने आणला आणि जून उजाडताच नर्सिंग शिकायला बेळगावला निघून गेली. जाताना मला म्हणाली, "आई, त्याला सांभाळ." हौस तिची आणि लेंड्या झाडायला मी.

पहिला पावसाळा बरा गेला. दारात हिरवंगार गवत होतं, मी विळ्याने कापून आणायचे, तो खायचा. पावसात आमच्याकडे खाणींची वाहतूक बंदच असते. गणपतीची चवथ झाली, पाऊस ओसरला आणि मिनेराचे ट्रक सुटले. मिनेर म्हणजे खाणीतला लोखंडाचा दगड. तो भरून ट्रकांची रांग सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्या दारावरून जायची. आठवड्याभरात रस्त्याकडेचं गवत लाल, जास्वंद लाल, दोरीवरचे कपडे लाल. त्या रांगेत एक ट्रक आमच्या घरचाही होता, माझे यजमान स्वतः चालवायचे. आमची चूल त्या धुळीवरच पेटत होती, त्यामुळे धुळीला शिव्या घालायच्या त्या मनातल्या मनात.

सशाला मात्र चुलीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने लाल गवत हुंगलं आणि तोंड फिरवलं. मी ते बादलीत खळबळून दिलं, तरी तोंड फिरवलं. मग घरात जे होतं ते देत राहिले. गाजर, कोथिंबीर, पुडीतला तयार खाऊ. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या हनुवटीखालचे केस ओले दिसायला लागले. घास तोंडात घ्यायचा आणि खाली टाकायचा. त्याला टोपलीत घालून डिचोलीला गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून त्याच्या तोंडात पाहिलं आणि सांगितलं, दाढा वाढल्यात. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते गवत चावून चावूनच झिजतात. या वेळी घासून देतो, पण दर वेळी गुंगी देणं या एवढ्याशा जिवाला झेपणार नाही. वाळलेलं गवत पोटभर खाल्लं तर जगेल.

मुलीला फोन केला तर तिने भलतंच शास्त्र काढलं. "आई, तो कंटाळलाय. त्याला खेळणी कर. खाणं समोर ठेवू नको, लपव. रानात ससा दिवसभर शोधून खातो. त्याला शोधायला लाव, म्हणजे तो आपोआप गवत चावेल."

मला आधी हसू आलं आणि मग राग आला. दोन पोरं वाढवली, त्यांना करवंटीच्या भातुकलीशिवाय काही मिळालं नाही, आणि आता सशाला खेळणी! पण ती ओली हनुवटी रोज डोळ्यांसमोर होती. म्हणून बसले करायला. करवंटीला भोकं पाडून सुंभाने टांगली आणि आत गवत कोंबलं. माडाच्या पातीचा चेंडू विणला, लहानपणी माहेरी दोडामार्गला आम्ही विणायचो तसा, आणि त्यात कोथिंबीर खुपसली. बांबूचं पोकळ कांडं आणलं. पेरूच्या कोवळ्या फांद्या जुडी करून उलट्या टांगल्या. मासळीची जुनी पाटली, म्हणजे बांबूची टोपली, धुऊन पालथी घातली आणि तिच्याखाली पालापाचोळ्यात खाऊ लपवला.

ससा करवंटीखालून शांतपणे गेला आणि कोपऱ्यातली माझी नवी केरसुणी खायला लागला.

नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं म्हणतात, तसं या गवताचं होतं. पावसात ते वाळत नाही, वाळवलं तर बुरशी येते. पाऊस संपून ऊन पडतं, तर तोवर ट्रक सुटलेले. माहेराहून एकदा वाळल्या गवताचं पोतं बसमधून आणलं. शेजारच्या बाईने विचारलं, म्हैस घेतली की काय. सशासाठी आहे म्हटल्यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी डोळे वटारून तिला खिडकीबाहेर बघायला लावलं. ते पोतं संपलं आणि पुन्हा आमचं बादली आणि लाल पाणी.

पुढच्या वर्षी चवथ झाली आणि ट्रक सुटलेच नाहीत. खाणी बंद पडल्या. आज उघडतील, उद्या उघडतील म्हणता म्हणता दिवाळी आली. आमचा ट्रक घरापुढच्या खळ्याच्या कडेला उभा राहिला आणि यजमान घरात बसले. घरात बसले म्हणजे सकाळी निघून जायचे, दुपारी यायचे आणि मग बसायचे. ज्या माणसाला मी लग्नानंतर दिवसाउजेडी कधी धड पाहिलं नव्हतं, तो आता दुपारभर माझ्यासमोर होता आणि माझ्या प्रत्येक कामात त्याला काही ना काही चुकीचं दिसत होतं.

सगळ्यात चुकीचा दिसला तो ससा. मी सकाळी गवताच्या जुड्या ठिकठिकाणी दडवून ठेवायचे, करवंटीत, कांड्यात, पाटलीखाली. मी न्हाणीकडे वळले की हे उठायचे, सगळ्या जुड्या उपसून काढायचे आणि सशासमोर स्टीलच्या ताटलीत वाढायचे. वर ताटलीशेजारी पाण्याची वाटी.

"कित्याक गो ताका छळटा?" म्हणायचे. "रानांतलो सोदता. घरांतल्याक ताट वाडटात."

मी पुन्हा लपवायचे, ते पुन्हा वाढायचे. ससा लाडावलेल्या जावयासारखा ताटलीपुढे बसायचा, वरवरच्या चार काड्या खायचा आणि बाकीचं तुडवायचा. समोर वाढलेल्या गवताला त्याच्या लेखी काही किंमतच नव्हती. पाटलीखालचं मात्र आताशा तो नाकाने ढकलून, पाटली उलटवून खायला शिकला होता. उलटवली की अख्खी जुडी संपवायचा. माझ्या डोळ्यांनी मी ते पाहिलं होतं. यजमानांना सांगितलं तर म्हणाले, बिचारा भुकेने खातो. गाढवापुढे गीता वाचलेली परवडली.

त्यातच पदेराचा हॉर्न वाजायचा. आमच्याकडे पदेर सायकलवरून पाव, उंडे आणि कांकणं घेऊन येतो. कांकण म्हणजे बांगडीसारखा कडक पाव, चहात बुडवल्याशिवाय चावता येत नाही. एक दिवस मी मागच्या दारातून आले तर सशासमोर कांकण. ससा दोन पायांवर उभा राहून ते यजमानांच्या हातातून कुरतडत होता, आणि यजमान हसत होते. कित्येक दिवसांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

"तेका पाव घालू नकात म्हणान किती येळा सांगू?" मी ओरडले.

"पाव न्हय, कांकण. घट आसता. दांत झिजतले ताचे."

"फुडचे दात झिजतीत. मागच्या दाढांचा काय? पोट पिठान भरला की तो गवत खायत कसो? डॉक्टर काय म्हणाले ता तुमका ठावक हा ना?"

लहान मुलाला दात यायला लागले की कांकण हातात देतात, आमच्या घरात तीन पिढ्या दिलं असेल. त्यामुळे कांकणाने दातांचं वाईट होतं हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. आणि चार दिवसांनी सशाची हनुवटी पुन्हा ओली दिसली.

त्या दिवशी माझा तोल गेला. सशाला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं, त्याची हनुवटी वर करून दाखवली आणि म्हटलं, हा मेला तर तुमच्या हाताने मेला. तुम्ही त्याला हातात घास देऊन मारताय. त्याला शोधू दे म्हणते तर तुमचं काय जातं?

ते एरवी माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतात. त्या दिवशी आवाज चढला नाही. सशाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "हांव दिसभर सोदतां. धारगळ वतां, पेडणें वतां, कोणाचो माल आसा, कोणाचो एक फेरो आसा. सोदून सोदून मनीस कसो जाता तें हांव पळयतां. घरांत तरी कोणाक सोदूंक लावनाका."

मी आत गेले. चुलीवर काही नव्हतं तरी चूल पुसत बसले. राग गेला नव्हता, पण तो आता कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. सकाळी बाहेर पडून ते कुठे जातात हे मी कधी विचारलंच नव्हतं. ट्रकला एखादं भाडं शोधत ते गावोगाव हिंडत होते, आणि मी नाक्यावर गप्पा मारत असतील असं धरून चालले होते.

त्यानंतर ताटली बंद झाली. म्हणजे त्यांनी ती कट्ट्यावर पालथी ठेवून दिली आणि विषय काढला नाही. कांकणंही आपल्या चहापुरती घ्यायला लागले.

आणि बाहेर काय झालं होतं ते मला तेव्हा नीट दिसलं. रस्त्याकडेचं गवत हिरवंच होतं. पाऊस संपला होता, ऊन कडक पडत होतं, आणि गवत लाल न होता उभ्याउभ्या पिवळं होत होतं. आमच्या गावात असं वाळलेलं, स्वच्छ, वासाचं गवत मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. खळ्यात, उभ्या ट्रकच्या चाकांभोवतीही ते गुडघाभर वाढलं होतं. मी सशाला तिथे सोडलं. तो ट्रकखाली शिरला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. हुंगत होता, उकरत होता, एक काडी सोडून दुसरी निवडत होता, आणि खाली वाकून ऐकलं की दाढांचा कर्र कर्र आवाज येत होता. लपवायला नको, टांगायला नको. मी केलेली सगळी खेळणी एकीकडे आणि बंद पडलेला ट्रक एकीकडे.

हनुवटी कोरडी झाली. डॉक्टरांनी तोंडात पाहून मान डोलावली, दाढा ठीक आहेत म्हणाले. मला इतका आनंद झाला की परतताना बसमध्ये मी टोपलीवर हात ठेवून एकटीच हसत होते. घरी आले तर यजमान ट्रकच्या केबिनमध्ये बसलेले. बॅटरी उतरू नये म्हणून ते रोज इंजिन चालू करून ठेवत, आणि त्याआधी मला सशाला चाकांखालून ओढून काढावं लागे, त्यावरूनही आमची रोज वादावादी. मी सांगितलं, दात बरे झाले. ते म्हणाले, "एकाचें तरी बरें जालें." खोचून म्हणाले नाहीत, साधंच म्हणाले. पण माझा आनंद तिथेच सांडला.

असे दोन पावसाळे गेले. मग एका दुपारी गावात बातमी आली की खाणी उघडतायत. कुणीतरी फटाके लावले. यजमान पाइप घेऊन ट्रक धुवायला लागले, शीळ घालत. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरातल्या माणसाचे खांदे वर आलेले कुणाला नको असतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळा घेऊन रस्त्यावर होते. दव असतानाच कापायला सुरुवात केली. ट्रक सुटायच्या आत मिळेल तेवढं गवत घरात आणायचं, एवढंच डोक्यात होतं. भारे करून खळ्यात पसरत होते आणि पुन्हा पळत होते, घामाने डोळे चुरचुरत होते.

यजमान दारात उभे राहून बघत होते. तिसरा भारा आणून टाकला तेव्हा म्हणाले, "इतकी घाय कित्याक? ट्रक फाल्यां सुटचे नात."

उद्या नाहीत तर परवा सुटतील, असं मनात म्हणत मी पुन्हा विळा उचलला. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "म्हजो ट्रक परत सुटचो न्हय, अशें दिसता तुका?"

नवऱ्याला उलट उत्तर द्यायला मी कधी कमी पडले नाही. तुमचा ट्रक सुटू नये असं मला कशाला वाटेल, एवढं म्हणून टाकायला काय लागत होतं? पण तोंडातून आलं, "होय. घडीभर तसाच वाटला."

ते खळ्यात उतरले, ट्रकच्या मागे गेले. आता हे निघून जाणार असं मला वाटलं. ते माघारी आले तेव्हा हातात ट्रकची ताडपत्री होती, मिनेरावर घालायची, धुऊन वाळवलेली. त्यांनी ती माझ्या गवतावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरली, चारी कोपऱ्यांवर चिरे ठेवले, कडा पायाने दाबून घट्ट केल्या. "धुल्ल बसची ना आतां," म्हणाले आणि आत गेले.

ओलं गवत असं झाकून ठेवलं की कुजतं. दोन दिवसांत बुरशी धरते आणि ती सशाच्या पोटात गेली तर संपलं. हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल आणि त्यांनी ते एकदाही ऐकलेलं नव्हतं. हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग विळा खाली ठेवला, आणि ते खिडकीत नाहीत असं बघून वाऱ्याच्या बाजूचा चिरा उचलला, ताडपत्रीची कड हातभर वर केली आणि तिच्याखाली पाटली उभी करून ठेवली.